केस झाकून पाहा : प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
आरोग्य विज्ञान शाखांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य
आणि विद्यापीठ परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढणारे सहशिक्षक

सप्रेम नमस्कार.

मी औषधशास्त्र शिकवतो. मुख्यतः एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला, आणि गरज पडेल तसं नर्सिंगच्या आणि फिजिओथेरपीच्या मुलामुलींनाही. तुमच्यापैकी अनेकांशी परीक्षक म्हणून गाठ पडते. व्हायवाच्या टेबलावर चहा येतो आणि चहाबरोबर हा विषय हमखास निघतो : मुलं पाठ करून येतात, रुग्ण समोर आला की गडबडतात. मग कोणीतरी म्हणतं, केसवरून, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या हकिगतीवरून शिकवायला पाहिजे. सगळे मान डोलावतात. तेवढ्यात पुढची मुलगी आत येते आणि तिला पहिला प्रश्न पडतो, ‘बीटा ब्लॉकर्सचं वर्गीकरण सांग.’

हे पत्र त्या मान डोलावण्याबद्दल आहे. केसवरून शिकवावं की नाही, याबद्दल आता कोणाचं दुमत उरलेलं नाही. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. पहिल्या वर्षापासून रुग्णाची ओळख, एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं शिक्षण), विषयांची एकमेकांशी सांगड, हे सगळं त्यात आहे. व्याख्यानं एकूण वेळापत्रकाच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावीत, असंही नियमात आहे. नर्सिंगमध्ये तर केस स्टडी आणि केअर प्लॅन त्याच्या कितीतरी आधीपासून लिहून घेतले जातात. एवढं असूनही वर्गात फारसं काही हललेलं नाही. वेळापत्रकावर ‘एसजीटी’ लिहिलेलं असतं, म्हणजे लहान गटात शिकवणं, आणि प्रत्यक्षात दीडशे मुलं त्याच लेक्चर हॉलमध्ये त्याच बाकांवर बसलेली असतात. लॉगबुकं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भरली जातात. केअर प्लॅनच्या फायली सीनियरकडून ज्युनियरकडे वारसाहक्कानं येतात, फक्त रुग्णाचं वय आणि बेड नंबर बदलतो.

याचं कारण विचारलं की आपण मनुष्यबळाकडे बोट दाखवतो. ते खोटं नाही, त्याबद्दल पुढे बोलतोच. पण मला वाटतं मूळ दुखणं प्रश्नपत्रिकेत आहे. अभ्यासक्रम दिल्लीहून येतो, मान्य. प्रश्नपत्रिका मात्र आपणच काढतो.

एक नमुना बघा. हा कुठल्या एका परीक्षेतला प्रश्न नाही, पण याचा साचा तुमच्या ओळखीचा आहे.

‘५५ वर्षांचा मधुमेही पुरुष छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आला आहे. कळ डाव्या हाताकडे जाते, घाम सुटला आहे. (अ) निदान काय? (ब) या आजारात वापरल्या जाणाऱ्या औषधांचं वर्गीकरण लिहा. (क) नायट्रेट्सची कार्यपद्धती आणि दुष्परिणाम लिहा.’

आता पहिली दोन वाक्यं हातानं झाका. (ब) आणि (क) जसेच्या तसे सुटतात. (अ)चं उत्तर (क)मधल्या ‘नायट्रेट्स’नं, म्हणजे हृदयविकारात रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांच्या नावानं, आधीच फोडलेलं आहे. म्हणजे रुग्ण आला काय, न आला काय, विद्यार्थ्याला लिहायचं तेच आहे. त्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाचा इथे काहीही उपयोग झालेला नाही. मुलं हे आपल्याआधी ओळखतात. केस म्हणजे वर्गीकरणाच्या आधी वाचायची दोन वाक्यं, हे एकदा कळलं की वर्गात कितीही चांगली केस चर्चेला घ्या, मागच्या बाकावर मार्करनं रंगवलेल्या नोट्स उघडल्याच जातात.

त्याच गृहस्थाला थोडं जिवंत करू. रक्तदाब ९४/६०. सोबत तिशीतला मुलगा आहे. ‘दुसरं काही औषध चालू आहे का’ या प्रश्नावर वडील मुलाकडे बघतात आणि ‘नाही’ म्हणतात. आता विचारा : जिभेखाली नायट्रेट देण्याआधी तुम्ही काय कराल आणि का? ज्याला सुचेल तो मुलाला ईसीजीच्या कागदासाठी बाहेर पाठवेल आणि मग सिल्डेनाफिलबद्दल (म्हणजे व्हायग्राबद्दल) विचारेल. गेल्या चोवीस तासांत ती गोळी घेतलेली असेल तर नायट्रेट देऊन रक्तदाब आणखी कोसळेल. दुसरा एखादा म्हणेल, रक्तदाब आधीच कमी आहे, हृदयाच्या उजव्या बाजूचा इन्फार्क्ट (झटका) तर नाही ना, ईसीजीची उजवीकडची लीड्स घेऊ. दोन्ही उत्तरांना मार्क द्यावे लागतील. दोघांनाही नायट्रेट्सची कार्यपद्धती ठाऊक असल्याशिवाय ही उत्तरं येत नाहीत, म्हणजे जे तपासायचं होतं ते तपासलं गेलंच. आणि हा प्रश्न केस झाकून सोडवता येत नाही.

माझी मुख्य मागणी एवढीच आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला जे सूचनापत्र जातं, त्यात एक ओळ घाला : केसवर आधारित प्रश्नातली केस झाकली तरी उत्तर लिहिता येत असेल, तर तो प्रश्न केसचा धरू नये.

ही कल्पना नवी नाही. १९०० मध्ये वॉल्टर कॅनन नावाचा हार्वर्डचा वैद्यकीय विद्यार्थी (पुढे शरीरक्रियाशास्त्रात त्याचं मोठं नाव झालं) आपल्या खोलीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्याकडे बघून चकित झाला. कायद्याची मुलं जुने खटले वाचून रात्र रात्र वाद घालत होती आणि आपण तासन् तास व्याख्यानं ऐकून पेंगतोय. मग त्यानं वैद्यक असंच छापील रुग्णकथांवरून शिकवावं, असा लेख लिहिला. विद्यार्थ्यानं लिहिलेला लेख, हे मला त्यातलं विशेष वाटतं. पुढे १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं सगळा अभ्यासक्रमच समस्यांभोवती रचला. ती पद्धत आणि आपण बोलतो ती केसची पद्धत यांत फरक आहे. मॅकमास्टरच्या धर्तीवर मुलं आधी समस्येला भिडतात, काय शिकायचं हे स्वतः ठरवतात आणि शिक्षक बराचसा गप्प राहतो. केस पद्धतीत मुलं थोडी तयारी करून येतात आणि शिक्षक वाट दाखवत राहतो, भरकटलं तर वळवतो. आपल्या तुकड्यांचा आकार आणि आपल्या मुलांची बारावीपर्यंतची सवय बघता ही दुसरीच आपल्याला झेपेल, असं माझं मत आहे.

झेपेल म्हणजे कशी, ते एका केसवरून सांगतो. ही मी स्वयंसंचालित मज्जासंस्थेवरच्या औषधांसाठी वापरतो. अल्फा, बीटा, मस्करिनिक असे रिसेप्टर (पेशींवरच्या, औषध जिथे चिकटतं त्या जागा), त्यांचे तक्ते, त्यांचे अपवाद : दुसऱ्या वर्षातला हा सगळ्यात पाठांतराचा आणि सगळ्यात लवकर विसरला जाणारा भाग.

पहिला कागद : ऑक्टोबर, कोकण, भातकापणी. नऊ वर्षांचा मुलगा, वजन २१ किलो. साडेपाचच्या सुमारास पेंढा उचलताना बोटाला विंचू चावला. घरच्यांनी आधी गावातल्या एकाकडे मंतरून घेतलं. सात वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं आहे. बोट फारसं दुखत नाही म्हणतो.

एवढंच. पुढचं काही सांगायचं नाही. मुलांनी विचारलं तर द्यायचं. सहा-सहांचे गट पाडलेले असतात, बाक वळवायचे नाहीत, पुढच्या रांगेनं फक्त मागे वळून बसायचं, म्हणजे दीडशे मुलांतही गट होतात. पहिली काही मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ असं अर्धा वर्ग धरून चालतो. मग कोणीतरी नाडी विचारतं, कोणी रक्तदाब.

दुसरा कागद : दोन उलट्या झाल्या. सदरा घामानं चिंब. हातपाय गार. नाडी १३०, रक्तदाब १५०/१००. ओले कपडे बदलताना सिस्टरांच्या लक्षात आलं की लिंग ताठरलेलं आहे. छाती अजून स्वच्छ.

इथे वर्ग पेटतो. घाम आणि उलट्या दिसल्या म्हणून बरेच गट शरीरातले स्राव आटवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनकडे धावतात. मी अडवत नाही, एवढंच विचारतो : अ‍ॅट्रोपिननं नाडीचं काय होईल? रक्तदाबाचं? गार हातपाय कोणत्या रिसेप्टरचे? मग दुसरा गट म्हणतो, नाडी वाढली आहे, रक्तदाब वाढला आहे, बीटा बंद करणारं प्रोप्रॅनोलॉल द्या. आता फळ्यावर जायचं. विषामुळे सोडियमचे मार्ग उघडे राहतात, कॅटेकोलामाइन्सचा (अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा) पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बीटा बंद केला तर अल्फाला रान मोकळं मिळेल, आणि थकत चाललेल्या हृदयाचा जोरही जाईल. हे मुलं स्वतःच एकमेकांना सांगतात, मी फक्त बाण काढतो. जे तक्ते पाठ होत नव्हते ते इथे भांडणात वापरले जातात.

मग मी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांची गोष्ट सांगतो. सत्तरच्या दशकात, रायगडाला अजून कुलाबा जिल्हा म्हणत तेव्हा, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण फुप्फुसात पाणी होऊन मरताना पाहिले आणि रात्र रात्र बसून लक्षणं टिपली. १९८२ मध्ये त्यांनी धोक्याची सूचना देणाऱ्या लक्षणांबद्दल आणि १९८६ मध्ये प्राझोसिनबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. अल्फा-१ बंद करणारी एक स्वस्त गोळी, एका ग्रामीण डॉक्टरनं ओळखलेली तिची जागा, आणि २०२२ ची पद्मश्री. आपल्या घाटाखाली घडलेली ही गोष्ट आपली मुलं परदेशी पुस्तकाच्या एखाद्या ओळीत वाचतात, किंवा वाचतही नाहीत.

तिसरा कागद कपाटाचा आहे. केंद्रात काय काय आहे त्याची यादी : अ‍ॅट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, क्लोरफेनिरामाइन, फ्युरोसेमाइड, प्राझोसिनची १ मिलिग्रॅमची साधी गोळी. शेजारच्या मेडिकलमध्ये २.५ मिलिग्रॅमची, दीर्घकाळ हळूहळू सुटणारी. मुलासाठी दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. किती द्याल, कोणती गोळी, कशी? २१ गुणिले ३० म्हणजे ६३० मायक्रोग्रॅम. कोणीतरी घाईत ६.३ मिलिग्रॅम लिहितं आणि शेजारची मुलगी ‘अरे मारशील त्याला’ म्हणून ओरडते. दशांश चिन्हाची किंमत माझ्या कुठल्याही स्लाइडनं इतकी पटकन समजली नसती. हळूहळू सुटणारी गोळी चुरडली तर काय होईल, हा प्रश्न मग आपोआप येतो, आणि औषधनिर्माणाचा हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांवरचा रटाळ भाग त्या दिवशी आपोआप होऊन जातो.

चौथा कागद नर्सिंगच्या मुलींसोबत एकत्र तास असेल तेव्हाच काढतो. पहिली मात्रा देऊन पाऊण तास झाला आहे, मुलगा लघवीला जायचं म्हणतो, आई त्याला उठवते आहे. काय कराल? एमबीबीएसची मुलं एकमेकांकडे बघतात. नर्सिंगची मुलगी सांगते : उठू द्यायचं नाही, भांडं द्यायचं, पहिल्या मात्रेनंतर उभं राहिला तर चक्कर येऊन पडेल, आईला हे आधीच सांगायला हवं होतं. पुढे हाफकिनचं प्रतिविष हाताशी असेल तर काय, हाही प्रश्न येतो. २०११ मध्ये बावस्करांनीच दोन्ही एकत्र दिल्यावर रुग्ण लवकर सावरतात असं दाखवलं, त्यामुळे त्यांच्या आधीच्या मतात त्यांनीच भर घातली. ज्ञान कसं सरकतं हे सांगायला वेगळा तास लागत नाही.

या तासात एक गोष्ट नेहमी घडते आणि ती मला औषधशास्त्राइतकीच मोलाची वाटते. एरवी इंग्रजी झरझर बोलणारी शहरातली मुलं चर्चा खेचत असतात. विंचवाच्या केसमध्ये ती मागे पडतात. मंतरायला नेणं म्हणजे काय, त्यात किती वेळ जातो, घरच्यांना दोष न देता ती वेळ कशी विचारून घ्यायची, हे पोलादपूरच्या किंवा जव्हारच्या मुलाला ठाऊक असतं. वर्षभर गप्प बसलेला मुलगा त्या दिवशी बोलतो, मराठीत बोलतो, आणि सगळे ऐकतात. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलांसाठी कोणीतरी हिंदीत सांगतं. चर्चा इंग्रजीतच व्हावी असा हट्ट काही सहकारी धरतात, तो मला कधी समजला नाही. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहा की, भांडायला मराठी असू द्या.

आता मोबाइलचं. केस फळ्यावर लिहिली की दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी ती एआयच्या खिडकीत टाकतं आणि निदान मोठ्यानं वाचून दाखवतं. यावर मोबाइल जमा करणं हा एक उपाय आहे, मला तो पटत नाही. निदान हाच शेवट असलेली केस त्यामुळे निकामी होते, आणि ते बरंच झालं. विंचू चावला हे तर आपण पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. ‘या कपाटातलं, या मुलाला, आत्ता काय, आणि ते दुसरं का नाही’ हे विचारलं की मशीनचं उत्तरही गटाला तपासूनच घ्यावं लागतं. खुशाल तपासा.

विंचू एकट्या कोकणाचा झाला. यवतमाळचं २०१७ विसरू नका. त्या पावसाळ्याच्या अखेरीस कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. डोक्याएवढा वाढलेला कापूस, दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली, अंगावर साधा सदरा. या एकाच घटनेवर पहिल्या वर्षाला अ‍ॅसिटिलकोलिन शिकवता येतं, दुसऱ्या वर्षाला अ‍ॅट्रोपिन, आणि पुढे सामाजिक वैद्यकाला फवारणी, मजुरी आणि संरक्षक कपडे. अ‍ॅट्रोपिन कुठवर द्यायचं हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं. केसमध्ये मात्र मुलाला ठरवावं लागतं की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं, की छातीतली घरघर जाईपर्यंत. आणि रुग्णानं काय फवारलं ते त्यालाच माहीत नसेल, बाटलीवरचं लेबल गेलेलं असेल, ते औषध कोलिनेस्टरेजवर (अ‍ॅसिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमवर) काम करणारं नसेलच, तर? विषयांची सांगड घालण्याच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत ‘लिंकर केस’ म्हणतात ती हीच. आपण मात्र लिंकर केस म्हणून बोस्टनच्या बँक मॅनेजरची छातीदुखी वापरतो, कारण ती तयार मिळते.

सिकलसेलवर गडचिरोली-नंदुरबारची केस हवी, सर्पदंशावर हवी, मुंबईच्या चाळीतल्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची हवी, जेवणाच्या डब्यात वडापाव आणि पायाला जखम असलेल्या रिक्षावाल्याची हवी. फिजिओथेरपीसाठी उसतोडीवरून परतलेल्या कंबरदुखीच्या बाईची हवी. तिला ‘वाकू नका’ सांगून तास संपवता येणार नाही. तिचा हंगाम पुढच्या महिन्यात सुरू होतोय आणि उचल घेतलेली आहे.

आक्षेप मला ठाऊक आहेत, त्यातले काही मी स्वतःच घेतो. या पद्धतीचा पुरावा किती, असं विचाराल तर प्रामाणिक उत्तर असं : २०१२ मध्ये आरोग्य शिक्षणातल्या केस पद्धतीवरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. विद्यार्थ्यांना ती आवडते, शिक्षकांनाही आवडते, पण इतर पद्धतींपेक्षा शिकणं जास्त होतं का, यावर ठाम निष्कर्ष निघाला नाही. म्हणून केस हा चमत्कार असल्यासारखं बोलणाऱ्यांपासून मी दूर राहतो. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) पाठच करावा लागतो. औषधांची नावं पाठच करावी लागतात. पाठांतराला शिव्या देणं सध्या फॅशनमध्ये आहे, पण ज्याच्या डोक्यात अल्फा-बीटाचा तक्ताच नाही तो विंचवाच्या केसमध्ये नुसतं बघत बसतो. चांगलं व्याख्यान ही मोठी गोष्ट आहे आणि ते देणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. त्यांना सक्तीनं गटचर्चेला बसवू नका.

पण हा आढावा ज्या प्रश्नाचं उत्तर देत नाही तो आपला प्रश्न आहे. परीक्षा जर पाठांतरच मोजत असेल, तर केसवरून शिकलेल्या मुलाला जास्त मार्क पडणार तरी कुठून? त्यानं जे कमावलं ते मोजायला आपल्याकडे फूटपट्टीच नाही. म्हणून पुन्हा प्रश्नपत्रिकेकडे येतो.

हे करायचं तर तपासणाऱ्याची अडचण होईल, हे खरं. वर्गीकरण तपासायला अर्धं मिनिट लागतं, तर्क तपासायला वेळ लागतो आणि दोन परीक्षकांत फरक पडतो. यासाठी नमुना उत्तराबरोबर ‘हेही स्वीकारावं’ आणि ‘हे धोकादायक, मार्क नाहीत’ अशा दोन याद्या द्याव्या लागतील. प्रोप्रॅनोलॉल देणाऱ्याला सुबक हस्ताक्षराचे मार्क मिळता कामा नयेत. सगळी प्रश्नपत्रिका एकदम बदलायला मी सांगत नाही. प्रत्येक पेपरात एक मोठा प्रश्न टप्प्याटप्प्यानं उलगडणाऱ्या केसचा असू द्या. मुलं काय विचारलं जातं ते दोन परीक्षांत हेरतात, आणि तिसऱ्या तुकडीपर्यंत कोचिंगवालेही केस शिकवायला लागतील.

दुसरं, केस लिहिणं हे काम समजा. चांगली केस लिहायला कित्येक संध्याकाळी जातात. क्लिनिकलच्या सहकाऱ्याला गाठा, जुने केस पेपर चाळा, नाव-गाव-तारीख बदला, आकडे शरीरक्रियेशी जुळतात का बघा. बढतीसाठी छापलेले शोधनिबंध मोजले जातात, केसचा कुठेच हिशेब नाही. मग तरुण शिक्षक केस कशाला लिहील? शोधनिबंध लिहील, आणि तो कोण वाचतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अभ्यास मंडळानं तपासून स्वीकारलेली केस शैक्षणिक कामात धरावी. अशा केसेसची सगळ्या महाविद्यालयांसाठी एक पेढी असावी, आणि तिथे शिक्षकांसाठीच्या टिपणात ‘मुलं इथे चुकतात’ हे लिहिलेलं असावं. खऱ्या रुग्णाचा केस पेपर मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकणं हा केस पद्धतीचा भाग नाही, हेही त्याच दमात बजावावं. ते सर्रास चालतं.

मनुष्यबळाबद्दल पुढे बोलतो म्हणालो होतो. दहा-दहांचे गट आणि प्रत्येकाला एक शिक्षक, हे आपल्या विभागांना जमणार नाही, आणि त्याची वाट बघत बसलो तर काहीच होणार नाही. एका हॉलमध्ये एक शिक्षक आणि दोन रेसिडेंट पंचवीस गट सांभाळू शकतात, केस टप्प्यांत दिली आणि प्रत्येक टप्प्याला गटाकडून एकच ओळ लिहून घेतली तर. शिक्षकाला त्यासाठी एक गोष्ट शिकावी लागते : प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण दहा सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यशाळांत उद्दिष्टांची क्रियापदं शिकवण्यात जो दिवस जातो, त्यातला अर्धा यावर घालवला तर बरं.

आणि नर्सिंग-वैद्यकीय-फिजिओथेरपी यांचा वर्षातून दोन-तीनदा एकत्र तास वेळापत्रकातच टाका. आज तो दोन प्राचार्यांच्या ओळखीवर चालतो. एक बदलून गेले की बंद.

विंचवाची केस, तिचे चारही कागद, शिक्षकाचं टिपण आणि त्यावर काढलेले तीन नमुना प्रश्न, उत्तरांच्या दोन्ही याद्यांसह, मी अभ्यास मंडळाकडे स्वतंत्रपणे पाठवतो आहे. कोणत्याही महाविद्यालयानं वापरावी, बदलावी, माझं नाव घालायची गरज नाही. मराठवाड्यातल्या कोणाला विंचवाऐवजी घोणस हवी असेल तर त्यांनी ती लिहून परत पाठवावी. पुढच्या परीक्षेचे पेपर काढण्याआधी मंडळाची जी बैठक होईल, तिच्या विषयपत्रिकेवर सूचनापत्रातली ती एक ओळ घ्यावी, ही विनंती.

आपला,
औषधशास्त्राचा एक शिक्षक